अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी मुलांसोबत कशी वाचावी

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून दोन वर्षे एका घरात लपून राहिलेल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीची रोजनिशी आठवी ते दहावीच्या मुलांना वाचायला द्यावी असे अनेक शिक्षकांना आणि पालकांना मनापासून वाटते, आणि ते योग्यच आहे. अडचण येते ती पुढे. मुले पहिली तीस-चाळीस पाने उत्साहाने वाचतात. त्यांत वाढदिवसाच्या भेटी असतात, वर्गातल्या मुलामुलींच्या गमती असतात. मग एकाएकी एक बंद घर येते, आठ माणसांची धुसफुस, बटाटे सोलणे आणि तीच ती भांडणे सुरू होतात, आणि कुठेतरी मध्येच पुस्तक मिटले जाते. काही ठिकाणी तर पुस्तक न उघडताच त्यातले एक प्रसिद्ध वाक्य फळ्यावर लिहिले जाते आणि तास संपतो. मी गेली काही वर्षे एका ग्रंथालयाच्या बालविभागात मुलांच्या गटाबरोबर ही रोजनिशी वाचत आले आहे. आठवड्याला एक तास, असे साधारण दहा आठवडे आम्हाला लागतात. त्यातून जी पद्धत हाती लागली ती येथे मांडत आहे. तिच्या मुळाशी माझा एकच आग्रह आहे, तो असा की ही रोजनिशी एका लेखिकेचे काम म्हणून वाचली जावी. अ‍ॅनने ती तेराव्या वर्षी लिहायला घेतली आणि पंधराव्या वर्षी, पुस्तक करायचे असे ठरवून, ती पुन्हा लिहायला बसली. एवढे ध्यानात ठेवले की पुस्तकातली कंटाळवाणी वाटणारी पानेसुद्धा बोलू लागतात.

प्रत कोणती घ्यावी

सुरुवात प्रतीपासून करावी लागते, कारण 'अ‍ॅन फ्रँकची डायरी' या नावाखाली मिळणारी सगळी पुस्तके एकसारखी नाहीत. अ‍ॅनच्या हातची रोजनिशी दोन रूपांत उरली आहे. पहिले रूप वह्यांचे आहे. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला मिळालेली लाल-पांढऱ्या चौकड्यांची, छोट्या कुलपाची वही ही त्यातली पहिली. दुसरे रूप सुट्या कागदांचे आहे. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून बोलणाऱ्या 'रेडिओ ओरान्ये' या डच केंद्रावरून परागंदा सरकारचे शिक्षणमंत्री गेरिट बोल्केस्टाइन यांनी आवाहन केले की युद्धानंतर लोकांच्या रोजनिश्या आणि पत्रे जमा केली जातील. त्यामुळे सामान्य माणसांनी आपली कागदपत्रे जपून ठेवावीत, असे त्यांचे म्हणणे होते. लपलेल्या घरात ते आवाहन ऐकले गेले. अ‍ॅनने दुसऱ्या दिवशी त्याची नोंद केली, आणि २० मे १९४४ पासून तिने जुन्या वह्या समोर ठेवून सुट्या कागदांवर नवे लेखन सुरू केले. तिने काही नोंदी गाळल्या, काही जोडल्या, काहींची जागा बदलली, माणसांना टोपणनावे योजली आणि पुस्तकाचे नावही ठरवले: 'हेट आख्टरहाउस', म्हणजे मागचे घर.

युद्ध संपल्यावर तिचे वडील ऑटो फ्रँक यांनी या दोन्ही रूपांतून निवड करून तिसरे रूप तयार केले आणि ते २५ जून १९४७ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाले. मुलीने आईविषयी लिहिलेल्या काही कडू ओळी आणि स्वतःच्या शरीराविषयीचा काही मजकूर त्यात वगळला गेला होता. १९९१ मध्ये निघालेल्या विस्तृत आवृत्तीत हा मजकूर परत आला. ती आधीच्या पुस्तकापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी मोठी आहे. आपल्या हातातली मराठी प्रत इंग्रजीवरून आलेली असेल तर ती कोणत्या इंग्रजी पुस्तकावरून आली हे आतल्या पानावर किंवा प्रस्तावनेत पाहावे. माझे मत असे की आठवीपासून पुढच्या मुलांना विस्तृत आवृत्तीच द्यावी, आणि पाचवी-सहावीच्या मुलांना ती देण्याची घाई करू नये. गटात वेगवेगळ्या प्रती असतील तर ती अडचण मानू नये. एका प्रतीत असलेली नोंद दुसरीत सापडत नाही हे मुलांच्या लक्षात येते, आणि ती नोंद कोणी आणि का वगळली असेल हा प्रश्न मुलेच विचारतात.

पहिल्या तासाला काय सांगावे

पार्श्वभूमीला एक तास पुरे आहे. दुसऱ्या महायुद्धाचा सगळा इतिहास सांगत बसलो तर अ‍ॅन दूर राहते. नकाशावर तीन गावे दाखवावीत. पहिले फ्रँकफर्ट, जिथे १२ जून १९२९ रोजी तिचा जन्म झाला. दुसरे अ‍ॅमस्टरडॅम. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर वडिलांनी तिथे जाऊन जॅम घट्ट करायला लागणाऱ्या पेक्टिनचा व्यवसाय सुरू केला. तिसरे गाव बर्गन-बेल्सन. ते फक्त दाखवावे, त्याविषयी बोलणे पुढे यायचे आहे. मग १० मे १९४० ही तारीख सांगावी, कारण त्या दिवशी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि काही दिवसांतच देश शरण गेला.

त्यानंतरचे सगळे अ‍ॅनकडूनच ऐकावे. २० जून १९४२ च्या नोंदीत ज्यूंवर घातलेल्या बंधनांची यादी आहे: कपड्यावर पिवळी चांदणी लावायची, सायकली जमा करायच्या, ट्रामने जायचे नाही, खरेदी दुपारी ३ ते ५ या वेळातच करायची, रात्री ८ ते सकाळी ६ घराबाहेर पडायचे नाही. ही यादी मोठ्याने वाचून घ्यावी आणि मुलांना एवढेच विचारावे की आपला कालचा दिवस या नियमांत कसा गेला असता. सायकल जमा करण्याचा नियम मुलांच्या मनाला सर्वांत आधी भिडतो, असे मी दरवर्षी पाहते.

याच तासात तीन गोष्टी आपल्याकडच्या संदर्भात स्पष्ट कराव्या लागतात. त्या टाळल्या तर पुढे गोंधळ होतो. पहिली गोष्ट स्वस्तिकाची. उंबरठ्यावर आणि दिवाळीच्या वहीपूजनाच्या पानावर जे चिन्ह मूल लहानपणापासून पाहते तेच नाझींच्या झेंड्यावर दिसले की ते गोंधळते, क्वचित दुखावतेही. नाझींनी लाल झेंड्यावरच्या पांढऱ्या वर्तुळात काळे, तिरपे चिन्ह आपल्या पक्षाची निशाणी म्हणून घेतले. युरोपातल्या ज्या माणसांचे घरचे लोक त्या झेंड्याखाली मारले गेले त्यांना ते पाहून काय वाटते, हे शांतपणे सांगावे.

दुसरी गोष्ट शब्दाची आहे. 'आमचे सर म्हणजे अगदी हिटलर' असे आपण सहज म्हणतो, आणि हिटलरचे आत्मचरित्र पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगात प्रेरणादायी पुस्तकांच्या शेजारी मांडलेले असते. मुलांना त्यावरून रागवू नये. मात्र हा शब्द आपण शिस्तीसाठी वापरतो, आणि ज्या माणसाच्या नावाचा तो शब्द आहे त्याच्या राज्यात अ‍ॅनच्या वर्गातल्या मुलामुलींना गाड्यांत भरून नेले गेले, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे 'ज्यू म्हणजे कोण?' हा प्रश्न. महाराष्ट्रात त्याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, मराठी ही मातृभाषा असलेला बेने इस्रायल हा ज्यू समाज तेलाचे घाणे चालवत असे. शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवत असल्यामुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. येथे त्यांना धर्मापायी छळ सोसावा लागला नाही. एवढी ओळख पुरेशी असते, आणि अ‍ॅनच्या कुटुंबाची गोष्ट या समाजाच्या गोष्टीत मिसळू नये.

घर आणि माणसे

दुसऱ्या तासाला घराचा नकाशा काढून घ्यावा. प्रिन्सेनग्राख्त २६३ ही कालव्याकाठची इमारत आहे. खाली गोदाम होते, वर कचेरी होती, आणि मागच्या बाजूला वरच्या मजल्यांवर काही खोल्या व पोटमाळा होता. त्या खोल्यांकडे जाणाऱ्या दारापुढे बिजागरीवर फिरणारे पुस्तकांचे कपाट बसवलेले होते. हे कपाट करणारे योहान व्होस्कॉइल हे तिथल्याच गोदामाचे प्रमुख होते, आणि त्यांची मुलगी बेप कचेरीत काम करत असे. अ‍ॅमस्टरडॅममधल्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या घराची खोलीनिहाय सफर करता येते, ती या तासाला दाखवावी. तिथल्या खोल्या रिकाम्या आहेत, कारण अटकेनंतर सामान उचलून नेले गेले आणि ३ मे १९६० रोजी संग्रहालय उघडताना खोल्या तशाच रिकाम्या ठेवाव्यात अशी ऑटो फ्रँक यांची इच्छा होती. मात्र भिंतीवर अ‍ॅनने चिकटवलेली नटनट्यांची चित्रे आहेत, आणि मुलींची उंची वेळोवेळी मोजून केलेल्या पेन्सिलीच्या खुणाही आहेत. लपून राहिलेल्या काळात अ‍ॅन १३ सेंटीमीटरहून अधिक वाढली. मुलांना या खुणा दाखवल्या की ती एकदम गप्प होतात, कारण तशाच खुणा त्यांच्या घरच्या दाराच्या चौकटीवर असतात.

मग माणसांची यादी करावी. ६ जुलै १९४२ रोजी वडील ऑटो, आई एडिथ, थोरली बहीण मार्गोट आणि अ‍ॅन या घरात आले. बेत थोडा पुढचा होता, पण आदल्या दिवशी सोळा वर्षांच्या मार्गोटच्या नावाने जर्मनीत मजुरीला हजर होण्याचा हुकूम आला आणि एका रात्रीत निघावे लागले. हातात मोठी पेटी घेऊन रस्त्याने जाणारा ज्यू संशयास्पद दिसला असता, म्हणून एकावर एक कपडे चढवून ते भर पावसात चालत आले. मार्गोट कचेरीत काम करणाऱ्या मीप गीस यांच्याबरोबर सायकलवरून पुढे गेली होती. आठवड्याभरात हर्मान आणि ऑगुस्टे व्हान पेल्स व त्यांचा मुलगा पीटर आले, आणि १६ नोव्हेंबर १९४२ रोजी दंतवैद्य फ्रिट्झ फेफर. पुस्तकात व्हान पेल्स कुटुंब 'व्हान डान' या आणि फेफर 'डुसेल' या नावाने येतात. खरी आणि टोपण अशी दोन्ही नावे एका मोठ्या कागदावर लिहून तो शेवटच्या तासापर्यंत भिंतीवर राहू द्यावा. त्याखाली मदत करणाऱ्यांची नावेही हवीत: मीप आणि यान गीस, व्हिक्टर कुग्लर, योहानेस क्लाइमान, आणि बेप व योहान व्होस्कॉइल. भाजी, दूध, रेशनची कुपने, ग्रंथालयातली पुस्तके, अ‍ॅनला आवडणारे सिनेमाचे साप्ताहिक, हे सारे दोन वर्षे या माणसांनी वर पोचवले.

येथे एक सूचना आग्रहाने करते. काही ठिकाणी मुलांना वर्ग बंद करून, दिवे मालवून, अर्धा तास न हलता बसवतात, म्हणजे 'लपल्याचा अनुभव' मिळावा. असे करू नये. अर्ध्या तासाने दार उघडणार हे मुलांना ठाऊक असते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला येतो तो एक खेळ, आणि खरी माणसे ज्या भीतीत जगली ती त्या खेळात मावत नाही. त्यापेक्षा अ‍ॅनने लिहिलेला दिनक्रम वाचून घ्यावा: साडेआठला खाली गोदामातले कामगार येत, त्यानंतर नळ सोडायचा नाही, शौचालयात पाणी ओढायचे नाही, पायांत जोडे घालून चालायचे नाही. हे वाचल्यावर मुलांचे पाय आपोआप बाकाखाली ओढले जातात.

तारखांकडे लक्ष ठेवून वाचणे

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायचे आहे, पण गटात मोठ्याने वाचण्यासाठी निवडक नोंदी ठरवून घ्याव्यात. कोणत्याही नोंदीपाशी थांबताना वरच्या तारखेबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: हे लेखन खरोखर कधीचे आहे?

उदाहरणार्थ २० जून १९४२ ची नोंद घ्या. तीत कागद माणसांपेक्षा अधिक सोशीक असतो असे अ‍ॅन म्हणते, आपल्याला जिवाभावाची मैत्रीण नाही हे सांगते, आणि म्हणून ही रोजनिशीच मैत्रीण समजून तिला 'किटी' नावाने पत्रे लिहिणार असे ठरवते. ही नोंद वाचून मुले म्हणतात की तेराव्या वर्षी इतके जाणतेपणाने कसे लिहिता येईल. त्यांची शंका रास्त आहे. ही नोंद १९४४ च्या सुट्या कागदांवरची आहे. पंधराव्या वर्षातल्या अ‍ॅनने पुस्तकाची प्रस्तावना म्हणून ती रचली. मूळ वहीत ती एकट्या किटीला लिहीत नव्हती. सिसी व्हान मार्क्सव्हेल्ट या लेखिकेच्या तेव्हा लोकप्रिय असलेल्या मुलींच्या कादंबरीमालेत मैत्रिणींचा एक कंपू आहे, आणि त्यातल्या निरनिराळ्या मुलींना अ‍ॅन पत्रे लिहीत असे. पुनर्लेखनात तिने बाकीच्या मैत्रिणी काढून टाकल्या आणि एकच किटी ठेवली. संपादक म्हणून घेतलेला हा निर्णय किती अचूक होता हे मुलांनीच ठरवावे. एकाच व्यक्तीशी बोललो की आवाज स्थिर राहतो, असे आमच्या गटातल्या एका मुलीने सांगितले, आणि त्यात मला भर घालावी लागली नाही.

१९४३ या वर्षाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पहिली वही डिसेंबर १९४२ मध्ये संपते आणि उरलेल्या वह्यांतली पुढची वही २२ डिसेंबर १९४३ ला सुरू होते. मधल्या वर्षाच्या मूळ वह्या हरवल्या, त्यामुळे ते वर्ष आपल्याला केवळ पुनर्लेखनातून मिळते. ११ नोव्हेंबर १९४३ ची फाउंटन पेनाची नोंद याच वर्षातली आहे. मला विचाराल तर लेखनाचा धडा म्हणून पुस्तकातले हे सर्वांत उपयोगी पान आहे. नऊ वर्षांची असताना आजीने पाठवलेले ते पेन लाल कातडी डबीत आले होते. ते शाळेत गेले, अ‍ॅमस्टरडॅममधल्या घरी राहिले, मग लपण्याच्या घरात आले. एके दिवशी टेबलावर बुरशी आलेल्या घेवड्याच्या बिया निवडताना ते कचऱ्यात मिसळले आणि कचऱ्यासकट शेगडीत गेले. दुसऱ्या दिवशी वडिलांना राखेत फक्त खिशाला अडकवायची पट्टी सापडली. सोन्याच्या निबेचा पत्ताच नव्हता. एक एवढीशी वस्तू, तिचा पूर्ण प्रवास, आणि शेवटी राख. अ‍ॅन त्यात स्वतःविषयीही एक वाक्य लिहून जाते, की पेनाला अग्निसंस्कार मिळाला आणि आपल्यालाही पुढे तेच हवे आहे. हे पान एका दमात वाचावे, आणि नंतर काही काळ कोणी बोलले नाही तरी चालेल.

अ‍ॅनचे पुनर्लेखन २९ मार्च १९४४ च्या नोंदीपर्यंत पोचले. तिथून पुढे पुस्तकात जे आहे ते तिच्या वहीतले पहिल्या हातचे लेखन आहे. ११ एप्रिल १९४४ ची दीर्घ नोंद या भागात येते. तीत इमारतीत चोर शिरल्याची हकिगत आहे, पुस्तकांचे कपाट बाहेरून कोणीतरी हलवल्याचा आवाज आहे, आणि रात्रभर श्वास रोखून बसलेली आठ माणसे आहेत. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून रोजनिशी जाळून टाकावी असे त्या रात्री कोणीतरी सुचवते, आणि रोजनिशी गेली तर मीही जाईन असे अ‍ॅन म्हणते. त्याच नोंदीच्या शेवटी ती ज्यू असण्याविषयी आणि स्वतःच्या पुढच्या आयुष्याविषयी लिहिते. या नोंदीला पूर्ण तास द्यावा. आधीच्या, घोटून लिहिलेल्या पानांपेक्षा इथली वाक्ये कशी धावतात हे कानाने ऐकले तरच कळते.

एका वाक्याचा प्रश्न

इतके सगळे होऊनही माणसे मनाने चांगली असतात असे मला वाटते, या आशयाचे अ‍ॅनचे वाक्य सर्वांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. ते १५ जुलै १९४४ च्या नोंदीत आहे. १९५५ साली अमेरिकेत रंगमंचावर आलेल्या नाटकाच्या शेवटाला ते येते, आणि तेव्हापासून भित्तिपत्रकांवर आणि भाषणांत ते एकटेच फिरत राहिले आहे. मीही पहिल्या वर्षी ते असेच एकटे वाचून दाखवले होते, आणि आज त्याची मला खंत आहे. मुले समाधानाने घरी गेली होती.

त्या वाक्यापाठोपाठ अ‍ॅन लिहिते की जगाचे हळूहळू ओसाड रान होत चालल्याचे आपल्याला दिसते आहे, आपलाही नाश करणारी गर्जना जवळ येताना ऐकू येते आहे, लाखो माणसांचे दुःख जाणवते आहे. आणि तरीही आकाशाकडे पाहिले की वाटते, हे सारे बदलेल. म्हणजे ते वाक्य ती डोळे उघडे ठेवून लिहिते आहे. त्याच्या जोडीला ३ मे १९४४ ची नोंद वाचावी. युद्धाचा दोष केवळ राजकारण्यांवर आणि भांडवलदारांवर टाकता येणार नाही, सामान्य माणसातही नाश करण्याची, मारण्याची ओढ आहे, असे ती तिथे लिहिते. आणि ९ ऑक्टोबर १९४२ ची नोंदही वाचावी. पकडून नेलेल्या ज्यूंना विषारी वायूने मारले जात असल्याचे इंग्रजी रेडिओ सांगतो, असे त्या नोंदीत आहे. या तीन नोंदी एकाच बैठकीत, तारखांच्या क्रमाने वाचाव्यात. ते वाक्य फळ्यावर लिहायचेच असेल तर ते त्यानंतर, आणि अख्ख्या परिच्छेदासकट लिहावे.

अवघड पाने

आईविषयीची पाने वाचताना काही मुली आपल्या घरचे बोलू लागतात. त्यांना बोलू द्यावे, पण २ जानेवारी १९४४ ची नोंद हाताशी ठेवावी. अ‍ॅन त्या दिवशी आपली जुनी पाने चाळते आणि आपणच इतक्या तिरस्काराने कसे लिहिले, याने स्वतः हादरते. शरीरात होणारे बदल आणि पीटरविषयीचे आकर्षण यांवरची पाने गटात मोठ्याने वाचण्याची गरज नाही. मुले ती आपापली वाचतात. पालकांना मात्र आधी कळवावे, म्हणजे पुस्तक मध्येच कोणाच्या हातून काढून घेतले जात नाही.

फेफर यांच्यासाठी मात्र मी वेळ काढते. तेरा वर्षांच्या मुलीला आपली खोली पन्नाशी ओलांडलेल्या अनोळखी गृहस्थाबरोबर वाटून घ्यावी लागली, आणि तिने त्यांना जे टोपणनाव दिले त्याचा जर्मन अर्थ 'मूर्ख' असा होतो. पुस्तकात ते हेकट, उपदेशी आणि चिडके दिसतात. पुस्तकात न आलेले मुलांना सांगावे. फेफर यांनी आपल्या मुलाला जर्मनीतून इंग्लंडला सुरक्षित पाठवले होते. शार्लोट कालेटा या ख्रिस्ती स्त्रीशी त्यांना लग्न करायचे होते, पण ज्यू आणि बिगरज्यू यांच्या विवाहाला बंदी घालणाऱ्या नाझी कायद्याने ते होऊ दिले नाही. ती त्याच शहरात राहत होती आणि दोघांची पत्रे मीप गीस पोचवत असत. अ‍ॅनला ज्या टेबलावर लिहायचे असे त्याच टेबलावर बसून तेही आपल्या माणसाला लिहीत असणार, हे मनात आणून त्या टेबलावरच्या भांडणाची नोंद पुन्हा वाचली की एकाच खोलीतली दोन माणसे दिसू लागतात. अ‍ॅनचे लेखन यामुळे उणे होत नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या नजरेला काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, ते मुलांना कळते.

१ ऑगस्ट १९४४ नंतर

शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. तीत अ‍ॅन आपल्यातल्या दोन अ‍ॅनविषयी लिहिते, एक सर्वांना दिसणारी खोडकर आणि दुसरी कोणालाच न दिसणारी. ही नोंद वाचून त्या दिवशीचा तास संपवावा. प्रश्न विचारू नयेत, चर्चा घेऊ नये.

पुढच्या तासाला भिंतीवरचा नावांचा कागद खाली घ्यावा आणि जे रोजनिशीत येऊ शकत नाही ते सांगावे. ४ ऑगस्ट १९४४ च्या सकाळी जर्मन पोलीस अधिकारी कार्ल सिल्बरबाउअर आणि त्याच्या हाताखालचे डच पोलीस आले. लुटीच्या वस्तू भरण्यासाठी त्याने एक चामडी बॅग रिकामी केली आणि त्यातले कागद जमिनीवर विखुरले. तीच रोजनिशी होती. मीप आणि बेप यांनी ते कागद गोळा केले आणि मीप यांनी ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवले. आपण ते वाचले असते तर जाळून टाकले असते, कारण त्यांत मदत करणाऱ्या सर्वांची नावे होती, असे त्या पुढे सांगत. कुग्लर आणि क्लाइमान यांनाही अटक झाली. ते दोघे वाचले.

आठही जणांना वेस्टरबोर्कच्या छावणीत नेण्यात आले, आणि ३ सप्टेंबर १९४४ रोजी तिथून ऑशविट्झच्या मृत्युछावणीला गेलेल्या अखेरच्या गाडीत ते होते. त्या गाडीत १,०१९ माणसे होती. पुढचे नावानिशी सांगावे आणि प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबावे. हर्मान व्हान पेल्स यांना ऑशविट्झमध्ये वायूने मारले. फेफर २० डिसेंबर १९४४ रोजी नॉएनगामेच्या छावणीत मरण पावले. एडिथ फ्रँक ६ जानेवारी १९४५ रोजी ऑशविट्झमध्ये मरण पावल्या. मार्गोट आणि अ‍ॅन यांना बर्गन-बेल्सनला हलवले होते. तिथे टायफसच्या साथीत, बहुधा फेब्रुवारी १९४५ मध्ये, आधी मार्गोट आणि मग अ‍ॅन गेली. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली. ऑगुस्टे आणि पीटरही त्या वसंतात गेले. ऑटो फ्रँक एकटे ३ जून १९४५ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला परतले. मुली नाहीत हे त्यांना जुलैमध्ये निश्चित कळले, आणि त्यानंतर मीप यांनी खणातले कागद त्यांच्या हाती दिले. नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० ज्यूंना गाड्यांतून नेले गेले आणि त्यांतले जेमतेम ५,००० परत आले. ही संख्या आठ नावांनंतर सांगावी, आधी नाही.

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, खबर कोणी दिली? यावर पुस्तके निघाली आहेत, आरोप झाले आहेत, पण पुराव्याने काहीच सिद्ध झालेले नाही. एवढे सांगून पुढे जावे. दुसरा प्रश्न मुले मोबाइलवर काहीतरी वाचून आणतात, तो म्हणजे ही रोजनिशी खोटी आहे का. या प्रश्नाला रागाने उत्तर देऊ नये. ऑटो फ्रँक यांनी असे आरोप करणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती, आणि १९८० मध्ये त्यांच्या निधनानंतर हस्तलिखिते डच सरकारच्या संस्थेकडे गेली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कागद, शाई, डिंक आणि हस्ताक्षर तपासले गेले, आणि तिन्ही रूपे शेजारीशेजारी छापलेली संशोधित आवृत्ती १९८६ मध्ये निघाली. बॉलपेनच्या शाईचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. तशी शाई फक्त दोन सुट्या चिठ्ठ्यांवर आहे, आणि त्या नंतरच्या काळात कोणीतरी कागदांत ठेवलेल्या आहेत. मुलांना हा तपशील फार आवडतो, कारण त्यात शोधकार्य आहे.

कोणाला आणखी वाचायचे असेल तर दोन नावे सुचवते. पोलंडमधल्या वूच शहरातल्या बंदिस्त ज्यू वस्तीत दाविद शेराकोव्याक या मुलाने लिहिलेल्या पाच वह्या उरल्या आहेत; तो १९४३ मध्ये तिथेच मरण पावला. विल्नियसमधला यित्सखोक रुदाशेव्हस्की यिडिश भाषेत लिहीत असे, आणि त्याची रोजनिशी लपण्याच्या जागेत सापडली. यांचे अनुभव अ‍ॅनपेक्षा अगदी निराळे आहेत. उपासमार आणि मृत्यू त्यांच्या रोजच्या पानांत आहे, त्यामुळे ही पुस्तके दहावीनंतरच द्यावीत.

लेखनाचा तास

'तू लपून बसला आहेस अशी कल्पना करून रोजनिशी लिही' हा स्वाध्याय देऊ नये. अ‍ॅनने केलेले कामच मुलांना द्यावे, आणि त्याची सुरुवात पहिल्याच आठवड्यात करावी. मुलांनी आपल्या खऱ्या दिवसाच्या पाच-सहा नोंदी लिहून बंद लिफाफ्यात आमच्याकडे ठेवायच्या. त्या कोणीही वाचायच्या नाहीत. दहाव्या आठवड्यात लिफाफे परत द्यायचे आणि त्यातली एक नोंद निवडून कोऱ्या कागदावर नव्याने लिहायला सांगायचे. काय गाळले, काय वाढवले, कोणाचे नाव बदलले, हे पेन्सिलीने समासात टिपायचे. तासाभरात एकच नोंद होते आणि तेवढी पुरे. जुना आणि नवा असे दोन्ही कागद टाचून ज्याचे त्याला परत द्यावेत. त्यांवर शेरा लिहू नये आणि गुण देऊ नयेत.